मंडईचा मनोरा आणि जोतीरावांचा प्रश्न

गेल्या हिवाळ्यात इयत्ता नववीच्या मुलामुलींस घेऊन आम्ही पुण्यास सहलीकरिता गेलो होतो. शनिवारवाडा, आगाखान राजवाडा, सिंहगड ही स्थळे पाहण्याचा बेत आधीच ठरला होता. मंडई मात्र कोणाच्याच यादीत नव्हती. मुलांच्या फराळासाठी केळी घ्यावयाची म्हणून आम्ही तिकडे वळलो, आणि त्या दगडी इमारतीसमोर येताच सारा मेळा आपोआप थबकला. मधला उंच मनोरा, त्याच्या चहूंकडे पसरलेली लांबलांब दालने आणि त्यांतून येणारा तो गलबला मुले तोंडात बोट घालून पाहत राहिली. इतक्यात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, एवढी मोठी इमारत नुसती भाजी विकायला?"

प्रश्न साधा होता. परंतु ज्याने तो विचारला त्याची आई बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून मेथी-कोथिंबीर विकते, हे आम्हांस ठाऊक होते. त्यामुळे त्याच्या तोंडून निघालेल्या 'नुसती' ह्या एका शब्दाने आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. ज्या कामावर आपले घर चालते, ते काम मोठ्या इमारतीस पात्र नाही, असे ह्या मुलास कोणी बरे शिकविले?

विचार करू जाता आम्हांस असे दिसून आले की, ते आपणच सर्वांनी मिळून शिकविले आहे. पाहण्याजोगी इमारत म्हणजे राजाचा वाडा, किल्ला किंवा देवाचे मंदिर, हा धडा मुले पहिल्या सहलीपासून गिरवितात. कोल्हापुरास नेले म्हणजे आपण त्यांस मेजर मॅन्ट ह्यांच्या आराखड्यावरून 1884 साली पुरा झालेला नवा राजवाडा दाखवितो, आणि त्याच स्थापत्यविशारदाचा टाऊन हॉलही दाखवितो. हे योग्यच आहे. परंतु बाजार हा पाहण्याचा नसून केवळ खरेदी करून बाहेर पडण्याचा, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत लेखात ह्या समजुतीविरुद्ध दोन शब्द लिहावे, आणि त्याबरोबरच मंडईच्या त्या मनोऱ्यास एका थोर पुरुषाने विचारलेला प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा हेतू आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत आपल्या प्रांतात ज्या मोठ्या व्यापारी इमारती उभ्या राहिल्या, त्यांत दोन मंडया विशेष प्रसिद्ध आहेत. पहिली मुंबईची. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 ह्या काळात इंग्लंडातील गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. कोटाच्या जुन्या तटबंद्या पाडण्यात आल्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या इमारतींची रांग उभी राहू लागली. त्याच सुमारास, 1865 साली, ऑर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. दाट वस्तीतील घाण आणि अरुंद गल्ल्यांत भरणारे बाजार ह्यांचा रोगराईशी असलेला संबंध त्या काळच्या नगरव्यवस्थेपुढील मोठा प्रश्न होता. ह्यातून जी मंडई 1869 साली पुरी झाली, तीच क्रॉफर्ड मार्केट होय. तिचे आजचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असे आहे.

ह्या इमारतीचा आराखडा विल्यम इमर्सन ह्यांनी केला. कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल पुढे ह्यांच्याच आराखड्यावरून झाले, हे सांगितले म्हणजे हा मनुष्य किती मोठ्या योग्यतेचा होता ते कळेल. बांधकामास कुर्ल्याचा फिकट पिवळसर दगड व वसईचा तांबूस दगड वापरला आहे. कमानी टोकदार आहेत. चर्चच्या इमारतीत आपण जी कमान पाहतो तीच ही गॉथिक कमान, येथे फळांच्या राशींवर उभी आहे. कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा आहे, आणि आतील जमिनीस स्कॉटलंडातील केथनेस येथून आणलेल्या फरश्या बसविल्या आहेत.

परंतु ह्या गोष्टी डोळ्यांस दिसणाऱ्या झाल्या. आमच्या मते इमारतीचे खरे शहाणपण तिच्या छपरात आहे. बाजारात माणसांची दाटी होते, भाजी कुजते, पाणी सांडते. तेथील हवा तापते आणि तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, हे आपण पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलोच आहो. छप्पर ठेंगणे असेल तर ती दूषित हवा लोकांच्या डोक्यावरच घोटाळत राहते. छप्पर पुष्कळ उंच असेल आणि त्यात वरच्या अंगास वाट ठेवलेली असेल, तर ती बाहेर पडते व तिच्या जागी खालून ताजी हवा येते. ह्याकरिता लोखंडी सांगाड्यावर उंच छप्पर घालावयाचे, आणि उजेड वरून घ्यावयाचा. म्हणजे ऊन मालावर थेट पडत नाही, पण वांगे ताजे की शिळे हे गिऱ्हाइकास दिसते. लोखंडाचा उपयोग केल्यामुळे जाड भिंतींची गरज उरत नाही, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी जागा मिळते. 1851 साली लंडनच्या प्रदर्शनाकरिता काच व लोखंड ह्यांचे जे विशाल मंदिर उभारले गेले, त्याने जगास ही युक्ती दाखवून दिली. मंडयांनी ती रोजच्या व्यवहारात आणली. सारांश, ज्या सोयी डोळ्यांत भरत नाहीत त्याच अशा इमारतीचा प्राण असतात.

मुंबईच्या ह्या मंडईच्या प्रवेशद्वारावर कोरीव शिल्पपट्ट आहेत. ते जे. जे. कलाशाळेतील शिक्षक लॉकवुड किपलिंग ह्यांनी केले. त्यांत राजा नाही, सेनापती नाही. आपल्या देशातील कष्टकरी शेतकरी माणसे आहेत. ज्याच्या घामावर बाजार उभा आहे त्यास दरवाजाच्या माथ्यावर स्थान मिळाले, ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटते. तथापि ह्याच ठिकाणी मनात एक शंकाही उभी राहते. दगडात कोरलेल्या त्या शेतकऱ्याचा मुलगा त्या वेळी कोणत्या शाळेत जात होता? त्याच्या नशिबी शाळा तरी होती काय?

हीच शंका पुण्याच्या मंडईच्या वेळी एका माणसाने भर सभेत बोलून दाखविली.

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरील मैदानात उघड्यावर भरत असे. ऊन, धूळ आणि पाऊस ह्यांपासून त्याची सुटका करण्यासाठी शुक्रवार पेठेत नवी मंडई बांधावी, असा विचार नगरपालिकेत निघाला. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर ह्यांनी केले, आणि 1886 साली गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नावाने रे मार्केट सुरू झाले. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेली दालने, अशी तिची रचना आहे. ह्या रचनेचा लाभ असा की, गिऱ्हाईक कोणत्याही बाजूने आत शिरो, ते मध्यापर्यंत येऊन पुन्हा कोणत्याही दालनात वळू शकते. कोणा विक्रेत्याची जागा अगदीच आडोशाला पडत नाही. लांब व निमुळत्या दालनांमुळे दोन्ही अंगांनी वारा खेळतो. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आजही तेथे भाजीचा बाजार भरतो. 2024 साली जवळच भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू झाले, त्यासही मंडईचेच नाव आहे.

ही मंडई बांधण्याचा विषय नगरपालिकेपुढे आला, तेव्हा जोतीराव फुले ह्यांनी त्यास विरोध केला. 1876 सालापासून काही वर्षे ते नगरपालिकेचे सभासद होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, एवढा पैसा इमारतीवर घालण्याऐवजी लोकांच्या शिक्षणावर घालावा. ह्याच जोतीरावांनी 1880 साली व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्च करण्याच्या ठरावासही विरोध केला होता. विरोध मोडून काढून मंडई झाली. जोतीराव 1890 साली निवर्तले. म्हणजे मंडई उभी राहिलेली त्यांनी पाहिली. आणि पुढे काळाने असा काही चमत्कार केला की, आचार्य अत्रे ह्यांच्या पुढाकाराने रे साहेबांचे नाव जाऊन त्याच मंडईस महात्मा फुले ह्यांचे नाव देण्यात आले. ज्या इमारतीस ज्याने नको म्हटले, तिच्याच माथ्यावर त्याचे नाव! मुंबईच्या मंडईवरही तेच नाव आहे, हे वर आलेच आहे.

कोणी म्हणेल, जोतीरावांस बांधकामाची दृष्टी नव्हती, म्हणून त्यांनी विरोध केला. हे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही. जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा संबंध होता, आणि खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही ते निगडित होते. दगड, चुना व मजुरी ह्यांचा हिशेब सभेतील कित्येक सभासदांहून त्यांस अधिक कळत असला पाहिजे. दगड फोडणारा मजूर कोणत्या घरातून येतो आणि संध्याकाळी कोणत्या घरात परत जातो, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा त्यांचा विरोध अज्ञानाचा नव्हे, तर जाणत्याचा होता. इमारत वाईट आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. तिच्याआधी दुसरे काही व्हावयास हवे, हे त्यांचे म्हणणे होते.

तर मग जोतीराव चुकले की नगरपालिका चुकली? आम्ही ह्यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. भाजीवाल्यास छप्पर हवे होते, ह्यात संशय नाही. उघड्यावर बसणाऱ्याचे हाल आम्हां गारगोटीकरांस कोणी समजावून सांगावयास नको. आपल्या वेदगंगेच्या खोऱ्यात पाऊस एकदा लागला म्हणजे चार-चार दिवस तोंड उघडू देत नाही. अशा स्थितीत छप्पर ही चैन नव्हे. परंतु छप्पर निराळे आणि मनोरा निराळा. छपराने माल वाचतो व माणूस वाचतो; मनोऱ्याने शहराची शोभा वाढते. जोतीरावांनी विचारलेला प्रश्न मनोऱ्यास लागू पडतो, असे आम्हांस वाटते. पैसा मोजकाच असेल तर क्रम कोणता असावा? आमच्या मते आधी पाटी, मग छप्पर, आणि सर्वांच्या शेवटी मनोरा. हा क्रम ज्या गावाने सांभाळला त्याचा मनोरा खुशाल आकाशास भिडो. आमची त्यास हरकत नाही.

ह्या क्रमाबद्दल जोतीरावांस एवढा आग्रह का, हे त्यांच्या बालपणाकडे पाहिले म्हणजे उमजते. त्यांचे घराणे माळ्याचे. फुलांच्या व्यवसायावरून 'फुले' हे आडनाव पडले. प्राथमिक शिक्षण झाल्यावर वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांस शाळेतून काढून मळ्यातील कामास लाविले. मुलाची बुद्धी पाहून गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब ह्या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि 1841 साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा शिकू लागले. त्या दोघा भल्या माणसांनी शेजाऱ्याच्या दारात जाऊन बोलण्याचा संकोच केला असता, तर काय झाले असते? 1848 साली पुण्यात मुलींची शाळा त्यांच्या हातून निघाली नसती, 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला गेला नसता, आणि दोन मंडयांवर आज जे नाव आहे ते कोणास ठाऊकही झाले नसते. मळ्यात एक हात वाढला असता, एवढेच.

पालकहो, हे आम्ही का लिहितो ते आपल्या ध्यानात आले असेल. आमच्यापुढे हजेरीपट असतो. त्यात बाजाराच्या दिवशी गैरहजेरीच्या खुणा इतर दिवसांहून अधिक पडतात. कोणी डोक्यावर पाटी घेऊन आईबरोबर गेलेला असतो, कोणी वजनकाट्यापाशी बसलेला असतो, आणि कोणी मुलगी धाकट्या भावंडांस सांभाळीत घरीच राहिलेली असते. ह्यांत आळस नाही, हे आम्ही जाणतो. ह्यांत निकड आहे. मुलाने आईबापांस हातभार लावू नये, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. सुटीच्या दिवशी, शाळेच्या आधी वा नंतर त्याने अवश्य लावावा, आणि ताठ मानेने लावावा. परंतु आठवड्यातून एक दिवस म्हणजे वर्षाकाठी किती दिवस होतात, ह्याचा हिशेब आपण एकदा घरी बसून करावा. गणिताचा जो पाठ त्या दिवशी चुकला, तो पुढच्या पाठाचा पाया असतो. आणि पाया चुकलेली भिंत किती टिकते, हे कोणत्याही गवंड्यास विचारावे.

छप्पर आणि पाटी ही परस्परांची वैरिणी नव्हेत, ह्याचे उदाहरण शोधण्यास आपणांस पुण्यामुंबईस जाण्याचे कारण नाही. आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली कोल्हापुरात शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर गेले त्यात ह्या पेठेचा वाटा मोठा आहे. त्याच महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. पेठही वसविली आणि शाळेचा दरवाजाही उघडला. शेतकऱ्याच्या मालास भाव मिळावा आणि त्याच्या मुलास अक्षर यावे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच राजाच्या मनात एकत्र नांदल्या. जोतीरावांच्या प्रश्नास आम्हांस माहीत असलेले हे सर्वांत चांगले उत्तर आहे.

आता कोणी विचारील की, जोतीरावांचे म्हणणे मान्य, तर मग ह्या जुन्या इमारतींचे काय करावे? पाडून टाकाव्या काय? आमचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. एकदा खर्च झालेला पैसा, एकदा घडविलेला दगड आणि त्यांत मुरलेले कारागिरांचे कसब ह्यांचा नाश करणे म्हणजे दुसऱ्यांदा उधळपट्टी करणे होय. पॅरिस शहरात बाल्तार नामक स्थापत्यविशारदाने गेल्यापूर्वीच्या शतकात लोखंडी मंडया उभारल्या होत्या. बाजार शहराबाहेर गेल्यावर 1971 साली त्या पाडण्यास आरंभ झाला, आणि मागाहून पुष्कळांस त्याची हळहळ लागली. उलट लंडनच्या कॉव्हेंट गार्डनचा बाजार 1974 साली दुसरीकडे हलविला, तरी जुनी इमारत राखून 1980 साली ती नव्या उपयोगासाठी उघडण्यात आली. आपल्या मुंबईच्या मंडईतील फळांचा घाऊक व्यापार 1996 साली नवी मुंबईस गेला. किरकोळ विक्री मात्र त्या कमानींखाली चालूच राहिली. इमारत जिवंत राहते ती वापराने. रिकाम्या वाड्यास जी वाळवी लागते, ती गजबजलेल्या बाजारास सहसा लागत नाही.

विद्यार्थिमित्रहो, आता त्या सहलीकडे वळून हा लेख संपवितो. त्या विद्यार्थ्याने मंडईचे छायाचित्र घेतले होते, ते घरी जाऊन आईस दाखविले. काही दिवसांनी ती माउली शाळेत भेटावयास आली, तेव्हा त्या चित्राचा विषय निघाला. मनोऱ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "तितं पावसात माल भिजत नसंल न्हवं, सर?"

इमारतीची परीक्षा कशी करावी ह्यावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. परंतु तिच्या पायथ्याशी बसणाऱ्या माणसाचा माल भिजतो की नाही, ह्याहून खरी कसोटी आम्हांस अद्याप सापडलेली नाही. आपल्या भागातील बाजारांत आज कमानी नकोत, मनोरे नकोत. बसावयास उंच ओटे, डोक्यावर उंच छप्पर, पिण्यास व भाजी धुण्यास स्वच्छ पाणी आणि स्त्रियांकरिता आडोशाची सोय एवढे झाले तरी पुष्कळ झाले. ज्यांच्या हाती गावाचा कारभार आहे त्यांनी हे मनावर घ्यावे. आणि ज्यांच्या हाती काहीच कारभार नाही अशा पालकांनी आपल्या हाती असलेली एक गोष्ट करावी: बाजाराच्या दिवशी मुलामुलींस शाळेत पाठवावे.

आमच्या त्या विद्यार्थ्यास त्या दिवशी द्यावयाचे राहून गेलेले उत्तर येथे देतो. बाळा, 'नुसती भाजी' असे काही जगात नाही. ज्या भाजीने गावाचे पोट भरते आणि तुझे पुस्तक विकत येते, तिच्याकरिता बांधलेली इमारत मोठी असावी हे योग्यच आहे. मात्र तिच्याहून मोठे तू व्हावयाचे आहेस. आणि उद्या अशीच एखादी इमारत बांधण्याचा ठराव तुझ्यापुढे आला, तर हात वर करण्यापूर्वी जोतीरावांचा प्रश्न विचारावयास विसरू नकोस.